अरण्यांचा कैवारी

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या रांगांत, मोंटाना नावाच्या राज्यात, सुमारे दहा लक्ष एकरांचे एक विस्तीर्ण अरण्य आहे. त्याच्या मध्यातून चुनखडकाचा एक प्रचंड कडा गेला आहे. तो वीस मैलांहून अधिक लांब असून ठिकठिकाणी हजार फूट उंच आहे. म्हणून लोक त्याला चिनी भिंत असे म्हणतात. कड्याच्या पायथ्याशी फर, स्प्रूस व लार्च या वृक्षांची दाटी आहे. ग्रिझली जातीची धिप्पाड अस्वले, एल्क नावाची मोठी हरणे आणि डोंगरी शेळ्या तेथे निर्धास्तपणे वावरतात. या साऱ्या प्रदेशात मोटारीचा एकही रस्ता नाही. पाहुण्यांसाठी एकही हॉटेल नाही. ज्याला अरण्य पाहावयाचे असेल त्याने पाठीवर बिऱ्हाड घेऊन पायी जावे, किंवा घोड्यावर सामान लादून डोंगरवाटेने चालू लागावे.

या अरण्याला कोणा सेनापतीचे किंवा धनाढ्य उद्योगपतीचे नाव दिलेले नाही. ते एका वनाधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. त्या अधिकाऱ्याचे नाव रॉबर्ट मार्शल. लोक त्यांना प्रेमाने बॉब म्हणत. त्यांना आयुष्य लाभले अवघे अडतीस वर्षांचे. परंतु त्या अल्पकाळात त्यांनी आपल्या देशाला एक मोठा धडा दिला. सर्वांच्या मालकीची जी जुनी वने आहेत, त्यांतील काही तरी कुऱ्हाडीपासून आणि रस्त्यांपासून कायमची दूर ठेवली पाहिजेत, हा तो धडा होय.

रॉबर्ट मार्शल यांचा जन्म २ जानेवारी १९०१ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांचे वडील लुई मार्शल हे त्या काळचे नामांकित वकील होते. राज्यघटनेच्या कायद्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे असत. वकिलीइतकेच त्यांचे वनांवरही प्रेम होते. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस ॲडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या व्यापाऱ्यांनी तेथील डोंगरच्या डोंगर उघडे केले होते. डोंगर बोडके झाले की नद्यांचे पाणी आटेल, ही भीती राज्यातील विचारी माणसांना वाटू लागली. त्यामुळे १८९४ साली राज्याची नवी घटना तयार होत असताना तिच्यात वनांविषयी एक कलम घालण्यात आले. राज्याच्या राखीव वनांची भूमी सदैव वन्य स्थितीत राहावी, ती कोणालाही विकली जाऊ नये आणि तिच्यावरील झाडे तोडली जाऊ नयेत, असा त्या कलमाचा आशय होता. घटना तयार करणाऱ्या त्या परिषदेत लुई मार्शल हे एक सभासद होते आणि त्या कलमाचे ते खंदे पुरस्कर्ते होते. पुढे १९१५ साली घटनेचा पुन्हा विचार झाला, तेव्हाही या कलमाला धक्का लागू नये म्हणून ते झगडले. त्या वेळी बॉब चौदा वर्षांचा होता. झाडावर नुसते प्रेम करून झाड वाचत नाही. त्याच्याभोवती कायद्याचे कुंपण घालावे लागते, हे त्याने आपल्या घरातच पाहिले.

ॲडिरॉन्डॅकमधील सॅरनॅक नावाच्या सरोवराच्या काठी मार्शल कुटुंबाचे एक उन्हाळी घर होते. शहरातल्या शाळेला सुटी लागली की सारी भावंडे तेथे जात. तेथे त्यांना हर्ब क्लार्क नावाचा एक वाटाड्या भेटला. हर्ब नाव वल्हविण्यात पटाईत, रानवाटांचा जाणकार आणि गोष्टीवेल्हाळ होता. सरोवरातल्या प्रत्येक खडकामागे एखादी विलक्षण कहाणी आहे, अशी तो मुलांची खात्री करून देई. मासे कसे पकडावेत, शिदोरी कशी बांधावी, वाट चुकल्यास काय करावे, हे सारे बॉब त्याच्यापाशीच शिकला.

बॉबला वाचनाचा मोठा नाद होता. लुईस आणि क्लार्क हे दोन संशोधक १८०४ ते १८०६ या काळात अमेरिका खंड ओलांडून पश्चिम समुद्रापर्यंत गेले होते. त्या प्रवासावर आधारलेली एक मुलांची कादंबरी त्याच्या हाती पडली आणि तिने त्याला वेड लावले. ती तो पुनःपुन्हा वाची. ज्या डोंगरांचे नकाशेही झालेले नाहीत अशा डोंगरांतून आपण हिंडावे, असे त्याला वाटे. आणि आपण शंभर वर्षे उशिरा जन्मलो, याची त्याला हळहळ वाटे. परंतु नुसती हळहळ करीत बसणारा तो नव्हता. ॲडिरॉन्डॅकमध्ये चार हजार फुटांहून उंच अशी सेहेचाळीस शिखरे त्याने नकाशावरून शोधून काढली. त्यांतील कित्येक शिखरांवर जाण्यास पायवाटही नव्हती. बॉब, त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज आणि हर्ब क्लार्क या तिघांनी १९१८ साली चढाईस प्रारंभ केला आणि १९२५ साली शेवटचे शिखर गाठले. ती सर्वच्या सर्व शिखरे चढून जाणारे ते पहिले तिघे होत. प्रत्येक शिखरावरून दिसणाऱ्या देखाव्याला बॉब क्रमांक देई आणि त्याची नोंद ठेवी. मोजण्याची व टिपून ठेवण्याची ही सवय त्याला पुढे जन्मभर उपयोगी पडली.

१९१६ साली बॉबची आई वारली. शाळा संपल्यावर काय करावयाचे, हे त्याच्या मनात पक्के ठरले होते. वडिलांप्रमाणे वकील होण्याऐवजी त्याने वनशास्त्र निवडले. सिरॅक्यूज येथील वनविद्या महाविद्यालयातून १९२४ साली तो पदवीधर झाला आणि पुढील वर्षी हार्वर्ड विद्यापीठाची उच्च पदवी त्याने मिळविली. विद्यार्थी असतानाच त्याच्या चालण्याची ख्याती झाली होती. साधे कापडी जोडे पायात घालून तो पहाटे निघे आणि रात्रीपर्यंत तीस-तीस मैल डोंगर तुडवून परत येई. अशा चालीची त्याला अखेरपर्यंत गोडी होती.

१९२५ साली मार्शल अमेरिकेच्या सरकारी वनखात्यात रुजू झाले आणि मोंटानातील मिझूला या गावी त्यांची नेमणूक झाली. वणव्यात जळालेले रान पुन्हा कसे उगवते, याचा अभ्यास त्यांना तेथे करावयाचा होता. त्यासाठी ते वनांतून महिनोन्‌महिने हिंडले. तेथे त्यांची लाकूडतोड्यांशी गाठ पडली. झाडे तोडणारा म्हणजे आपला शत्रू, असे त्यांनी कधीच मानले नाही. ते त्यांच्या तळावर राहत, त्यांच्या पंगतीला बसत आणि हे बलदंड लोक किती मिनिटांत जेवण उरकतात याची गंमत म्हणून घड्याळ लावून नोंद घेत. लाकूड माणसाला हवेच, ते तोडणाऱ्या मजुराला पोट आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांचा प्रश्न निराळा होता. तोडता येण्याजोगे रान किती आणि कधीही तोडू नये असे रान किती, याचा निवाडा कोणीतरी वेळीच करावयास नको काय?

कधीही तोडू नये असे रान म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. शेकडो वर्षे ज्यात कुऱ्हाड पडलेली नाही असे जुने अरण्य आणि माणसाने ओळीने लावलेली झाडी यांत फार अंतर असते. अमेरिकेच्या वायव्येकडील जुन्या अरण्यात डग्लस फर, हेम्लॉक, सीडर यांसारखे वृक्ष कित्येक शतके वाढत राहतात. त्यांच्या सावलीत मध्यम वयाची झाडे असतात आणि त्यांच्याही खाली कोवळी रोपे असतात. एखादा वृक्ष उभ्याउभ्याच वठतो. त्याच्या ढोलीत घुबडे आणि सुतारपक्षी घर करतात. एखादा कोसळून पडतो. त्याचे ओंडके हळूहळू कुजतात, त्यांच्यावर शेवाळ धरते आणि त्याच शेवाळात नव्या रोपांची मुळे रुजतात. मेलेला वृक्षही तेथे जिवंत वृक्षांइतकाच कामाचा असतो. जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर साचलेला असतो. तो पावसाचे पाणी शोषून घेतो आणि सावकाश ओढ्यात सोडतो. म्हणून उन्हाळ्यातही ओढे वाहतात. असे अरण्य तोडून टाकावयास काही दिवस पुरतात. ते पुन्हा तसेच उभे राहावयास मात्र माणसाच्या अनेक पिढ्या जाव्या लागतात.

आणि अशा अरण्यात कुऱ्हाड पोहोचते ती रस्त्यावरून. डोंगराच्या पोटातून रस्ता खोदला की सैल झालेली माती पावसाबरोबर ओढ्यात उतरते. मासे जेथे अंडी घालतात ती स्वच्छ वाळू गाळाने भरून जाते. रस्त्याच्या दोन बाजूंस रान दुभंगते आणि माणसाला बुजणारी जनावरे तेथून निघून जातात. वाहनांबरोबर परक्या तणांचे बी येते. माणसांची वर्दळ वाढली की वणव्याचे भय वाढते. मग ज्या लाकडाची वाहतूक पूर्वी परवडत नव्हती ते परवडू लागते आणि करवती चालू होतात. आपण जपलेल्या रानाकडे पाहून मार्शल यांना हीच गोष्ट सतत डाचत असे. वन तुटण्याचा आरंभ झाड पडते तेव्हा होत नाही. तो नकाशावर रस्त्याची रेघ ओढली जाते तेव्हाच होतो.

पुढे अधिक शिक्षणासाठी मार्शल जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९३० साली वनस्पतिशास्त्रात त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच वर्षी एका शास्त्रीय मासिकात त्यांनी निर्जन अरण्यांच्या प्रश्नावर एक विस्तृत लेख लिहिला. अशा अरण्यांचे तीन लाभ त्यांनी त्यात सांगितले. तेथे माणसाचे शरीर कणखर होते, मन स्वतंत्रपणे विचार करावयास शिकते आणि डोळ्यांना निर्मळ सौंदर्याचा लाभ होतो. या विचारावर एक आक्षेप नेहमी घेतला जाई. एवढी पायपीट करून अरण्यात जाणारे थोडे. त्या मूठभरांसाठी इतकी जमीन अडवून ठेवणे न्याय्य आहे काय? मार्शल यांनी या आक्षेपाला बगल दिली नाही. ग्रंथालये आणि चित्रसंग्रहालये यांचाही उपयोग सारेच लोक करीत नाहीत, तरी समाज ती आनंदाने चालवितो, हे त्यांनी दाखवून दिले. मोटारीने फिरणाऱ्यांसाठी देशात रस्त्यांचे जाळे पसरलेलेच आहे. उरलेल्या थोड्या अरण्यांवर रस्ते केल्याने त्यांच्या सुखात पडणारी भर लहान, परंतु त्यामुळे होणारी हानी मात्र कधीही भरून न येणारी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अरण्ये वाचावयाची असतील तर त्यांच्यासाठी लढणाऱ्या माणसांनी एकत्र आले पाहिजे, असेही त्यांनी त्या लेखात सुचविले होते. तो लेख पुढे या चळवळीचा पाया ठरला.

लहानपणी पाहिलेले स्वप्न मार्शल यांनी अलास्कात पुरे केले. अलास्का हा अमेरिकेच्या अगदी वायव्येचा, बर्फाळ प्रदेश. तेथील ब्रूक्स पर्वतराजीत नकाशावर कोरे असलेले भाग होते. १९२९ साली ते प्रथम तेथे गेले. कोयुकुक नदीच्या उत्तरेकडील शाखेच्या दोन्ही बाजूंस उभी असलेली दोन उत्तुंग शिखरे त्यांनी पाहिली आणि त्या जोडशिखरांना उत्तरध्रुवीय प्रदेशाची दारे असे नाव दिले. त्याच वर्षी त्यांचे वडील वारले आणि मोठी संपत्ती त्यांच्या वाट्यास आली. जन्मभर काही न करता सुखात राहता येईल एवढे धन हाती असताना हा तरुण १९३० साली पुन्हा अलास्कात गेला आणि उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडील वाइझमन नावाच्या चिमुकल्या वस्तीत वर्षभर राहिला. तेथील सुमारे सव्वाशे माणसांच्या जीवनावर त्यांनी १९३३ साली एक पुस्तक लिहिले. त्यात सोन्याच्या शोधात आलेले गोरे होते, तसेच मूळचे एस्किमो व इंडियनही होते. पुस्तकाचा खप मोठा झाला. तेव्हा आपल्या मानधनातील अर्धा वाटा मार्शल यांनी त्या गावकऱ्यांनाच वाटून दिला. ज्यांच्या जीवनामुळे पुस्तक झाले त्यांचा त्यावर हक्क आहे, अशी त्यांची धारणा होती.

मार्शल परत आले तेव्हा अमेरिकेवर मोठे संकट कोसळले होते. कारखाने बंद पडले होते आणि लाखो माणसे बेकार झाली होती. तरुणांना काम मिळावे म्हणून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ साली एक वनसेवादल उभारले. पुढील नऊ वर्षांत सुमारे तीस लाख तरुणांनी त्यात काम केले. त्यांनी अब्जावधी झाडे लावली, वणवे विझविले. परंतु त्याचबरोबर त्यांनी वनांतून असंख्य रस्तेही काढले. डोंगरमाथ्यावरून मोटारी फिराव्यात, म्हणून पर्वतांच्या कण्यावरून रस्ते नेण्याच्या योजना होऊ लागल्या.

येथे मार्शल यांच्यापुढे खरा पेच उभा राहिला. ते गोरगरिबांचे कैवारी होते. वने ही लोकांची आहेत, खाजगी व्यापाऱ्यांनी ती उजाड केली आहेत, म्हणून ती सरकारी मालकीची व्हावीत, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला होता. आता बेकारांच्या हातांना काम देणारे तेच सरकार लोकांच्या वनांतून रस्ते काढीत होते. या रस्त्यांना विरोध करावा तर भुकेल्यांच्या तोंडचा घास काढल्याचा दोष येणार. गप्प बसावे तर शतकानुशतकांचे अरण्य डोळ्यांदेखत जाणार. मार्शल यांनी कामाला विरोध केला नाही. झाडे लावावीत, उजाड डोंगर पुन्हा हिरवे करावेत, गावांच्या जवळ छावण्या उभाराव्यात. असे काम हवे तेवढे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र ज्या थोड्या अरण्यांत अद्याप रस्ता शिरलेला नाही, तेथे तो शिरू देऊ नये, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. आपल्या वरिष्ठ मंत्र्यांना ते याविषयी टिपणांमागून टिपणे पाठवीत. बेकारी काही वर्षांनी सरेल, पण एकदा कापलेले अरण्य मागता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

१९३४ च्या उन्हाळ्यात ते टेनेसी राज्याच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी पर्वतात पायी हिंडले. तेथे शिखराकडे जाणाऱ्या मोटाररस्त्याचे काम चालू होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात वनतज्ज्ञांच्या एका सभेसाठी ते नॉक्सव्हिल येथे आले. सभेच्या निमित्ताने काही मंडळी मोटारीने एक वनछावणी पाहावयास निघाली होती. मार्शल यांच्यासोबत हार्व्ही ब्रूम नावाचे वकील, ॲपलेशियन पर्वतातील लांबच लांब पायवाटेची कल्पना मांडणारे बेंटन मकाय आणि बर्नार्ड फ्रँक हे वनतज्ज्ञ होते. गाडीत अरण्यांच्या रक्षणाची चर्चा इतकी रंगली की त्यांनी गाडी वाटेतच थांबविली. सारे उतरले, रस्त्याकडेच्या उंचवट्यावर बसले आणि नव्या संस्थेचा आराखडा त्यांनी तेथेच वाचून त्यावर विचार केला. जानेवारी १९३५ मध्ये वॉशिंग्टन येथे ही संस्था रीतसर स्थापन झाली. वाइल्डरनेस सोसायटी असे तिचे नाव होते. प्रसिद्ध वनशास्त्रज्ञ ऑल्डो लिओपोल्ड हेही तिच्या आठ संस्थापकांपैकी एक होते. संस्थेला पहिली मोठी देणगी मार्शल यांनी दिली आणि आपले नाव मात्र त्यांनी गुप्त ठेवले.

१९३३ ते १९३७ या काळात मार्शल सरकारच्या इंडियन खात्यात वनविभागाचे प्रमुख होते. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशांचा कारभार या खात्याकडे असे. मार्शल यांच्या प्रयत्नाने १९३७ साली त्या प्रदेशांतील सोळा क्षेत्रांत रस्ते करण्यास मनाई झाली. हेतू चांगला होता. परंतु ज्या जमातींची ती भूमी होती त्यांची संमती नीट घेतली गेली नव्हती. त्यामुळे पुढे त्या जमातींच्या मागणीवरून यांतील बहुतेक क्षेत्रांवरील बंधने उठविण्यात आली. वनाचे रक्षण करावयाचे तर तेथे राहणाऱ्या माणसांना बरोबर घेऊनच केले पाहिजे, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट झाली. थोर माणसांच्या जीवनातूनही आपण केवळ यशच नव्हे, तर उणीवही पाहून शिकावे.

१९३७ साली मार्शल पुन्हा वनखात्यात आले. सरकारी वनांत लोकांच्या विहाराची व्यवस्था पाहणाऱ्या विभागाचे ते प्रमुख झाले. वने सर्वांची आहेत, हे त्यांचे नुसते बोलणे नव्हते. शहरातील गरीब कुटुंबांना थोड्या खर्चात वनांत राहता यावे म्हणून त्यांनी छावण्यांच्या योजना आखल्या. मार्शल स्वतः यहुदी होते. यहुद्यांना व कृष्णवर्णीयांना त्या काळी कित्येक विश्रामस्थानांत मज्जाव असे. सरकारी वनांत वर्णाच्या किंवा धर्माच्या कारणाने कोणालाही दूर ठेवले जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. अशा रीतीने त्यांनी वनाचे जणू दोन भाग पाडले. एका भागात रस्ते असावेत, छावण्या असाव्यात आणि तेथे लहानथोर सर्वांनी यावे. दुसऱ्या भागात मात्र यंत्राचा आवाजही पोहोचू नये.

हा दुसरा भाग कोठे कोठे उरला आहे हे पाहण्यासाठी त्यांनी देशाच्या नकाशाची बारकाईने छाननी केली होती. रस्ता नसलेली तीन लक्ष एकरांहून मोठी वनक्षेत्रे आणि पाच लक्ष एकरांहून मोठी वाळवंटी क्षेत्रे यांची त्यांनी १९३६ साली यादी प्रसिद्ध केली. लहानपणी शिखरे मोजणारा मुलगा आता देशाची उरलेली अरण्ये मोजीत होता.

सरकारी वनांतील काही भाग आदिम प्रदेश म्हणून राखावेत, असा एक नियम १९२९ पासून होता. परंतु तो फार ढिला होता. त्याच्या आधारे राखलेल्या वनातही झाडे तोडता येत आणि रस्तेही काढता येत. मार्शल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह नवे व कडक नियम तयार केले. एक लक्ष एकरांहून मोठी आणि पाच हजार ते एक लक्ष एकरांपर्यंतची अशी रक्षित अरण्यांची वर्गवारी त्यांत होती. या क्षेत्रांत मोटाररस्ता होणार नाही, व्यापारासाठी लाकूड तोडले जाणार नाही आणि हॉटेले उभी राहणार नाहीत, असे त्या नियमांनी ठरविले. सप्टेंबर १९३९ मध्ये ते अमलात आले. पूर्वी आदिम म्हणून नोंदलेल्या सुमारे एक कोटी चाळीस लक्ष एकर प्रदेशाची या नव्या कसोटीवर पाहणी करावयाची होती.

त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहीत. ११ नोव्हेंबर १९३९ रोजी मार्शल रात्रीच्या आगगाडीने वॉशिंग्टनहून न्यूयॉर्ककडे निघाले होते. त्या प्रवासातच त्यांना मृत्यूने गाठले. दिवसाला तीस-तीस मैल चालणारा, कधी दमल्याचे न सांगणारा हा माणूस हृदयविकाराने असा अकस्मात गेला, यावर त्यांच्या मित्रांचा विश्वास बसेना. त्यांनी विवाह केला नव्हता. मृत्युपत्रात आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनी सार्वजनिक कार्यासाठी ठेवला होता. त्यातील एक वाटा अरण्यांच्या रक्षणासाठी होता. बालपणीचा वाटाड्या हर्ब क्लार्क याचीही आठवण त्यांनी त्या मृत्युपत्रात ठेवली होती.

१९४० साली मोंटानातील तीन जुनी राखीव क्षेत्रे एकत्र करून त्या अरण्याला बॉब मार्शल यांचे नाव देण्यात आले. परंतु त्यांचे काम अद्याप अपुरे होते. खात्याने केलेला नियम खातेच बदलू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची मागणी वाढली आणि अनेक रक्षित वनांवर संकट आले. तेव्हा मार्शल यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे कार्यवाह हॉवर्ड झानायझर यांनी अरण्यरक्षणाच्या कायद्याचा मसुदा तयार केला आणि तो मंजूर व्हावा म्हणून आठ वर्षे अविश्रांत श्रम केले. कायदा होण्यापूर्वी अवघे चार महिने ते वारले. ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. आरंभी चौपन्न क्षेत्रांतील एक्क्याण्णव लक्ष एकर अरण्याला त्याचे संरक्षण मिळाले. ते क्षेत्र वाढत वाढत पुढे अकरा कोटी एकरांच्या वर गेले. ज्या जोडशिखरांना मार्शल यांनी १९२९ साली नाव दिले होते, त्यांच्या भोवतालचा प्रदेश १९८० साली राष्ट्रीय उद्यान झाला. त्या अफाट उद्यानात आजही एकही मोटाररस्ता नाही.

असे असले तरी ही लढाई संपली आहे असे कोणी समजू नये. जेथे कायद्याचे कुंपण नाही अशी जुनी वने अजूनही आहेत. तेथे रस्ता करावा की करू नये, लाकूड तोडावे की तोडू नये, हे वाद त्या देशात पुनःपुन्हा उठतात. वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांची गरज खरी असते. कोणाला घर बांधावयाला लाकूड हवे असते, कोणाला रोजगार हवा असतो. परंतु त्या वादात एक पक्ष नेहमी गैरहजर असतो. तो म्हणजे अद्याप जन्मास न आलेल्या मुलांचा. सरकारी वने जर साऱ्या लोकांची असतील, तर ती त्यांचीही आहेत.

त्या न जन्मलेल्या मुलांची बाजू रॉबर्ट मार्शल यांनी आयुष्यभर मांडली. आपल्या आवडीचे त्यांनी ज्ञानात रूपांतर केले आणि त्या ज्ञानाच्या बळावर नियम घडविला. घटनेतील एका कलमासाठी वडील झगडले, त्याचा विस्तार मुलाने केला. मुलाचे अपुरे काम त्याच्या सोबत्यांनी पुरे केले. अरण्य जसे एका वृक्षाने होत नाही, तसे ते एका माणसाने वाचतही नाही. एक वृक्ष उन्मळून पडावा आणि त्याच्याच खोडावर नवी रोपे उगवावीत, त्याप्रमाणे एकाने आरंभलेले कार्य दुसऱ्याने पुढे नेले, म्हणूनच चिनी भिंतीच्या पायथ्याचे ते अरण्य आज निःशंकपणे उभे आहे.